शोभेची दारू

भोर-वेल्ह्याच्या मुलखातील कोणत्याही गावच्या यात्रेची छापील पत्रिका हाती घेतली, तर तिच्यातील कार्यक्रमांचा क्रम बहुधा एकाच साच्याचा आढळतो : पहाटे ग्रामदैवताचा अभिषेक, दुपारी नैवेद्य, सायंकाळी हारतुरे, रात्री पालखीसह छबिना, छबिन्यानंतर शोभेचे दारूकाम, मग तमाशा, आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा. यांपैकी देवावर भाविकांनी लिहिले, तमाशावर रसिकांनी लिहिले आणि कुस्तीवर शौकिनांनी लिहिले. परंतु छबिना आणि तमाशा यांच्या मधल्या ज्या अर्ध्या घटकेसाठी म्हातारी माणसे घोंगडी पांघरून जागत बसतात आणि पोरे बापाच्या खांद्यावर चढतात, त्या अर्ध्या घटकेची बखर लिहावी असे फारसे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. वास्तविक पत्रिकेतील त्या एका ओळीमागे सहाशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासाचे सार आपल्या भाषेने ‘शोभेची दारू’ या दोन शब्दांत अगोदरच सांगून ठेवले आहे.

याच मुलखात, पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे ४० किलोमीटरांवर कापूरहोळ लागते. येथून एक वाट पूर्वेस नारायणपूर-सासवडकडे फुटते, दुसरी भोरकडे उतरते, आणि त्यामुळे आज हे गाव प्रवाशांना फाटा म्हणूनच अधिक ठाऊक आहे. पण ज्यांना इतिहासाची थोडीबहुत ओळख आहे त्यांच्या लेखी ते धाराऊचे गाव आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला तेव्हा त्यांची दूधआई म्हणून गडावर गेलेली गाडे पाटलांच्या घरची धाराऊ ती याच कापूरहोळची. पूर्वेस पुरंदर आणि वज्रगड, पश्चिमेच्या डोंगररांगांत राजगड आणि तोरणा, अशा दुर्गांच्या मधोमध वसलेल्या या भूमीला दारूची ओळख झाली ती मात्र शोभेच्या रूपाने नव्हे. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी पुरंदरास वेढा घातला, अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर आणि हाहेली या नावांच्या अवजड तोफा मोठ्या कष्टाने डोंगरावर चढवून वज्रगडाचे बुरूज फोडले, आणि त्या उन्हाळ्यात या खोऱ्यातील रयतेने रात्रीच्या आकाशात जो उजेड पाहिला तो पाहून कोणी टाळ्या पिटल्या नसतील. त्यानंतर पाच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, कोंढाणा हाती आल्याची खूण म्हणून मावळ्यांनी गडावरील पागेच्या गवती छपरांना आग लावली आणि तो उजेड शिवाजी महाराजांनी राजगडावरून पाहिला, असे बखरकार सभासदाने नोंदविले आहे. दूरवरून दिसणारा अग्नी पाहून एका मनुष्याच्या हृदयात विजयाचा हर्ष आणि त्याच क्षणी अनिष्टाची शंका उत्पन्न व्हावी, याचे याहून बोलके उदाहरण आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल. आणि शोभेच्या दारूच्या मुळाशी असलेले द्वैतही नेमके हेच आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘दारू’ हा शब्द फारसी, आणि त्याचा मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अद्याप जिवंत आहे. औषधावरून तो एका अंगाने मद्याकडे गेला आणि दुसऱ्या अंगाने बंदुकीच्या चूर्णाकडे आला. मौज अशी की ज्या चीन देशात हे चूर्ण प्रथम सिद्ध झाले तेथेही त्याचे नाव ‘अग्नीचे औषध’ अशाच अर्थाचे आहे, कारण इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या सुमारास ते ज्यांच्या हातून निपजले ते किमयागार सोरा, गंधक आदी द्रव्यांशी झटत होते ते रसायनाच्या आणि दीर्घायुष्याच्या शोधात. अमरत्व धुंडाळताना मनुष्याच्या हाती मृत्यूचे सर्वांत प्रभावी साधन लागले. १०४४ सालच्या एका चिनी युद्धग्रंथात या चूर्णाच्या लेखी कृती मिळतात. आपल्याकडे ‘दारू’ शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळू नयेत म्हणून, किंवा या पदार्थाचा संहारक आणि रंजक असा दुहेरी स्वभाव ओळखूनच म्हणा, मराठीने त्याच्या मागे ‘शोभेची’ हे विशेषण लावले. फारसीत ‘आतषबाजी’ म्हणजे अग्नीचा खेळ. फारसीच्या लेखी तो खेळ होता. मराठीने त्याला शोभा म्हटले.

ही कला आपल्या देशात केव्हा आली, याचा साधार शोध घेणारा पहिला पंडित पुण्याचाच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ साली भारतातील आतषबाजीच्या १४०० ते १९०० या पाच शतकांच्या इतिहासावर इंग्रजीत एक छोटे परंतु अत्यंत परिश्रमपूर्वक लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या पुराणांत अग्न्यस्त्रे आहेत, शंकराने एका बाणाने तीन पुरे जाळल्याची कथा आहे, तेव्हा फटाकेही वैदिक काळापासूनचे असले पाहिजेत, अशी जी एक भाबडी समजूत आढळते तिला या संशोधनात थारा नाही. दीपावलीच्या जुन्या धर्मशास्त्रीय वर्णनांत दिवे आहेत, अभ्यंग आहे, पितरांना वाट दाखविण्यासाठी हाती धरावयाच्या उल्का, म्हणजे जळत्या चुडी, आहेत, दारू नाही. ती येते पंधराव्या शतकात. १४४३ साली विजयनगरच्या दरबारी असलेला इराणी वकील अब्दुर्रझाक तेथील महानवमीच्या उत्सवात आतषबाजीचे नाना प्रकार पाहून थक्क झाला. ओरिसाचा राजा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावर असलेल्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथात कल्पवृक्षबाण, चामरबाण, पुष्पवर्ति, चंद्रज्योति अशा मनोहर नावांच्या दारूकामाच्या कृती सोरा, गंधक, कोळसा, लोहचूर्ण यांच्या प्रमाणांसह दिल्या आहेत. परदेशातून आलेली ही विद्या शे-दीडशे वर्षांत संस्कृत बोलू लागली, हे पाहिले म्हणजे ती येथे किती लवकर रुजली याची कल्पना येते.

मराठीत ती त्याहून गोड बोलली. शके १४९३ मध्ये, म्हणजे १५७१ साली, एकनाथांनी काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले, आणि त्यात द्वारकेच्या राण्याच्या विवाहसोहळ्यात शोभेची दारूही उडविली. द्वापारयुगात दारू नव्हती हा आक्षेप येथे गैरलागू आहे; नाथांनी देवाचे लग्न आपल्या काळच्या थाटाने लावले, आणि म्हणूनच सोळाव्या शतकातील पैठणच्या आसपासच्या लग्नांत काय उडत असे हे आज आपल्याला कळते. थाट कोणत्या थरास जाई याचेही एक उदाहरण आपल्याच प्रदेशातले आहे. १६०९ च्या सुमारास निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर याच्या मुलाचे लग्न विजापूर दरबारच्या एका सरदाराच्या मुलीशी झाले, तेव्हा नुसत्या आतषबाजीवर ऐंशी हजार रुपये खर्च झाल्याचे इतिहासकार सांगतात. शिलेदाराचा दरमाहा थोड्याशा रुपयांत होत असे त्या काळची ही रक्कम आहे. दारूकाम हे वैभवाचे प्रदर्शन होते, आणि मुत्सद्देगिरीचे साधनही होते; ज्याच्याजवळ जाळून टाकण्याइतकी दारू आहे त्याच्याजवळ लढण्यासाठी किती असेल, हा हिशेब पाहुण्यांनी मनातल्या मनात करावा, अशी त्यामागील योजना असे.

पेशवाईत या कलेला पूर्ण बहर आला. त्या काळच्या दारूकामाची नावेच पाहावीत : आकाशमंडळ तारांगण, प्रभाचमक, बादलगर्ज, नारिंगी झाडे, हातनळे, फुलबाज्या, महताबा, पाणकोंबडी, भुईचक्रे, हवया. कारकुनी दफ्तरात खर्चाच्या बाबी म्हणून टिपलेली ही नावे एखाद्या कवीने सुचविलेली वाटतात. आणि या काळातील सर्वांत रम्य कथा आहे ती पर्वतीच्या पायथ्याच्या लंकेची. १७९२ च्या उन्हाळ्यात महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले ते १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस त्यांचा अंत होईपर्यंत येथेच राहिले. त्या मुक्कामात त्यांनी तरुण सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकविले : तेथील राजा लक्षावधी दिवे लावतो, नगराबाहेर दारूची लंका उभारतो, तिच्यात रावण, राक्षस आणि वानर सर्व दारूचेच असतात, मग हनुमंताच्या शेपटीस बत्ती देतात आणि तो उड्डाणे करीत सारी लंका पेटवितो. हे ऐकून श्रीमंतांना कौतुक वाटले, तसाच तमाशा आपणही पाहावा असा हुकूम झाला, महादजींनी कारागीर जमवून तजवीज केली, आणि पर्वतीच्या पायथ्याशी एके रात्री लंका जळाली; श्रीमंतांनी पाहिली, सरदारांनी पाहिली, आणि पुण्याच्या रयतेनेही पाहिली. पेशव्यांच्या बखरीतील हा प्रसंग वाचताना मनात येते की पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांची पत ज्याने पुन्हा बसविली, ज्याच्या तोफखान्याचा धाक दिल्लीपर्यंत होता, त्या सेनानीने आपल्या तरुण धन्याला दाखविलेले हे दारूचे शेवटचे रूप किती निरुपद्रवी होते!

ती लंका कोणत्या रंगाची होती, हे सांगावयाचे तर या चूर्णाच्या घटनेत थोडे शिरावे लागेल. दारूचे घटक तीन : सोरा, गंधक आणि कोळसा, मुरलेले प्रमाण म्हणाल तर शंभरात पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. कोळसा आणि गंधक हे जळणारे, आणि सोरा हा त्यांना जळण्यासाठी लागणारा प्राणवायू आपल्या पोटात घेऊन आलेला. त्यामुळे बंद नळीत, जेथे वाऱ्याचा शिरकाव नाही तेथेही, ती पेटते. नळीचे तोंड वर ठेवून ती जमिनीत रोवली की भुईनळा होतो. तोंड खाली ठेवून काठीला बांधली की निसटणारा वायू तिला वर ढकलतो आणि बाण होतो. नळी वळवून गुंडाळली की भुईचक्र होते. कोळसा रुई-एरंडासारख्या हलक्या लाकडाचा हवा, कारण तो चटकन पेटतो. फुले पडावीत म्हणून दारूत बिडाचा कीस घालतात. त्यातील कार्बनामुळे प्रत्येक ठिणगी हवेत फुटून तिला फांद्या फुटतात, आणि ‘झाड’ हे नाव सार्थ होते. परंतु अशा दारूचा उजेड सोनेरी, पांढरा, फार तर किंचित निळसर. भडक तांबडे आणि हिरवे रंग आले ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्तोले याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पोटॅशियम क्लोरेट सिद्ध केल्यानंतर आणि पुढल्या शतकात त्याच्याशी स्ट्राँशियम, बेरियम, तांबे यांच्या क्षारांची सांगड घातल्यानंतर. तेव्हा सवाई माधवरावांच्या डोळ्यांपुढे जी लंका जळाली ती, त्या काळच्या रसायनाच्या मर्यादेमुळेच का होईना, रामायणात सांगितल्याप्रमाणे सोन्याची होती.

ज्या कारखान्यात हे शोभेचे दारूकाम होई त्याच प्रकारच्या कारखान्यात युद्धाचे बाणही होत. लोखंडी नळीत दारू ठासलेले आणि वेताला बांधलेले बाण मराठी फौजांत होते, ते चालविणारे बाणदार होते. म्हैसूरच्या अशाच बाणांनी पोळल्यावर इंग्रजांनी त्यांचा अभ्यास केला आणि त्यांच्यातील काँग्रीव्हने आपले रॉकेट काढले. एकच कारागीर, एकच नळी, एकच कोठार; दसऱ्यानंतर ती मोहिमेवर जाई आणि लग्नसराईत वरातीत येई. तोफेचेही तसेच. कापूरहोळहून जवळच असलेले भोर हे पंतसचिवांचे संस्थान. शंकराजी नारायणांच्या पराक्रमावर उभे राहिलेले आणि १९४८ साली विलीन झालेले. इंग्रजी अमलात या संस्थानाला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. सलामीची तोफ म्हणजे काय? तिच्यात दारू असते, गोळा नसतो. संहार वगळून उरलेला तो आवाज, आणि तोही मोजलेला : नऊ म्हणजे नऊ, दहावा नाही. आवाजाला मान होता तो त्याला मोजदाद होती म्हणून, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल म्हणून येथे नमूद करून ठेवतो.

राजे गेले, दरबार गेले. दारूकाम मात्र यात्रांनी सांभाळले. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे कवठे एकंद. तेथे दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाची पालखी निघते आणि तिच्यासमोर गावातील मंडळे आपापले दारूकाम रात्रभर उडवितात : औट, शिंगटे, झाडे, चक्रे, धबधबे. विशेष हे की ते विकत आणलेले नसते. पिढ्यानपिढ्यांचे गुपित असलेल्या प्रमाणांनी गावकरीच ते हाताने करतात, आणि करणाऱ्याला ते देवाच्या पुढे वाहिलेले फूल वाटते. या निष्ठेची किंमतही गावाने मोजली आहे. २०१५ साली तेथील एका कारखान्यात झालेल्या स्फोटात कामगार प्राणास मुकले. केरळातील परवूर येथे १० एप्रिल २०१६ च्या पहाटे देवळाच्या उत्सवात दारूच्या कोठाराने पेट घेतला आणि शंभरांहून अधिक माणसे गेली. लंडनमध्ये १७४९ साली तहाच्या आनंदाप्रीत्यर्थ उभारलेला आतषबाजीचा मंडपच पेटला होता. अग्नीशी खेळ कोणत्याही देशात, कोणत्याही देवापुढे, पूर्ण निर्धोक झालेला नाही.

विसाव्या शतकात या कलेत मोठे स्थित्यंतर झाले ते तमिळनाडूतील शिवकाशीमुळे. तेथील अय्या नाडर आणि षण्मुग नाडर या दोघा चुलतबंधूंनी १९२० नंतरच्या काळात कलकत्त्यास जाऊन आगकाड्यांचा धंदा शिकून घेतला. त्या पाठोपाठ फटाके आले, आणि पावसाचे दुर्भिक्ष असलेल्या त्या कोरड्या प्रदेशातून ते देशभर पसरले. जी वस्तू पूर्वी राजाच्या किंवा गावाच्या ऐपतीची होती ती पोराटोरांच्या हाती आली, आणि त्यात वाईट काहीच नव्हते. लवंगी फटाक्यांची माळ सोडवून एकेक उडविणाऱ्या पोराचा आनंद महादजींच्या लंकेहून उणा मानण्याचे कारण नाही. परंतु या सुलभीकरणात एक गोष्ट हळूच निसटली. झाड उभारण्यास कसब लागते. आवाज काढण्यास लागत नाही. म्हणून प्रकाश मागे पडला आणि धमाका पुढे आला. तारांगण, प्रभाचमक ही नावे गेली आणि त्यांच्या जागी सुतळी बाँब आणि दहा हजारांची लड आली. पूर्वी गाव एका जागी बसून वर पाहत असे. आता ज्याच्या त्याच्या दारापुढे धूर होतो, आणि शेजाऱ्याहून आपला आवाज मोठा हा एवढाच आनंद उरतो.

मग कायद्याला मध्ये यावे लागले. स्फोटक द्रव्यांचा कायदा १८८४ चा, तो मुख्यत्वे परवाना आणि कोठार यांच्या बंदोबस्तासाठी. आवाजाला मोजदाद आली ती फार उशिरा : फटाका फुटतो तेथून चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा १९९९ साली ठरली, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजी फटाके उडवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली बजावले. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने दिवाळीत रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठेवली, लडींना आणि बेरियमच्या क्षारांना मनाई केली, आणि कमी धुराच्या तथाकथित हरित फटाक्यांनाच मुभा दिली. असे फटाके सिद्ध करण्याचे काम ज्या संस्थेने केले ती ‘नीरी’ नागपूरची, आणि देशभरातील स्फोटकांचे परवाने ज्या कचेरीच्या अखत्यारीत येतात तिचे मुख्यालयही नागपुरातच आहे. तथापि हरित म्हणजे निर्मळ नव्हे. धुरातील कण सुमारे तीस टक्क्यांनी कमी, एवढाच त्याचा दावा आहे, आणि उरलेले सत्तर टक्के श्वासातच जातात.

कापूरहोळच्या नावाची व्युत्पत्ती सांगण्याचा माझा अधिकार नाही, पण त्या नावातला कापूर मनात रेंगाळतो. कापूर देवापुढे जळतो, क्षणभर सारा गाभारा उजळतो, आणि ताटात काही उरत नाही. दारूचे तसे नाही. ती राख ठेवते, धूर ठेवते, कागदाचा कचरा ठेवते, गोठ्यातल्या जनावरांची आणि घरातल्या आजाऱ्यांची झोप उडवून जाते. म्हणून तिचा निवाडा करण्यासाठी परकीय मोजमापे आणण्याचे कारण नाही. पत्रिकेतील तो जुना शब्द पुरेसा आहे. जिच्यात शोभा आहे ती शोभेची दारू. जिच्यात नाही ती नुसती दारू. यात्रेचे पंच आणि यात्रा कमिटीचे तरुण यांना एवढीच विनंती की पुढल्या चैत्रात वर्गणीचा हिशेब मांडताना या बाबीखाली किती रुपयांचा आवाज घेतला असे न विचारता किती झाडे उभी केली असे विचारावे. बाण थोडे, पण एकाच माळावर, मोकळ्या जागी, जाणत्या हाताने, पाण्याचे पिंप शेजारी ठेवून सोडावेत. दहाच्या आत आटोपावे. आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांच्या अगोदर माळ झाडून काढावा. गाव पंधरा मिनिटे एकत्र बसून वर पाहील, तेवढे पुरे आहे.